इंजेक्शन, स्टेंट की बायपास? सीमाभागातल्या कुटुंबांसाठी हृदयविकाराच्या निर्णयांची तुलना

हृदयविकारात घरच्यांना दोन अगदी वेगळे निर्णय घ्यावे लागतात. एक रात्री दोन वाजता, माणूस घामानं डबडबलेला असताना. दुसरा अँजिओग्राफीचा, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडल्यावर, रुग्ण खाटेवर बसून चहा पीत असताना. पहिल्यात मिनिटं मोजायची असतात, दुसऱ्यात बहुतेक वेळा आठवडे हाताशी असतात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात मी बघत आले ते मात्र नेमकं उलटं. कळ येते तेव्हा "ग्यास धरलाय वो, सोडा घेटला की उतरंल" म्हणत घर पहाटेपर्यंत थांबतं, आणि प्रकृती स्थिर असलेल्या माणसाच्या रक्तवाहिनीतल्या ब्लॉकसाठी कॅथलॅबच्या (जिथे तार घालून वाहिन्या तपासतात आणि उघडतात त्या खोलीच्या) दाराशी दहा मिनिटांत सही होते. म्हणून या लेखात दोन्ही निर्णय वेगवेगळे मांडते. शेवटी वॉल्व्हच्या (हृदयाच्या झडपेच्या) रुग्णांविषयीही थोडं लिहिलंय, कारण आपल्या भागातल्या तरुण बायकांमध्ये तो आजार अजून दिसतो.

ग्यास, अँजायना की अटॅक

कळ नेमकी कुठे आहे यापेक्षा ती कशानं येते आणि किती वेळ टिकते, यावरून जास्त कळतं. शेतातून ओझं घेऊन चढ चढताना किंवा जेवल्यावर लगेच चालताना छातीच्या मधोमध दाब येतो, थांबलं की चार-पाच मिनिटांत उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच चढाला परत येतो, तर ती अँजायना. रक्तवाहिनी अरुंद झालीय, पण वाहतीय. बसल्याजागी आलेली, वीस मिनिटं झाली तरी न हटणारी, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत पसरणारी आणि सोबत घाम आणणारी कळ अटॅकचीच समजून पुढचं करायचं. या दोन्हींच्या मधला प्रकार घरात सहज दुर्लक्षित राहतो. गेल्या महिन्यात टेकडीवर येणारी कळ या आठवड्यात अंगणात येऊ लागली, किंवा झोपेतून उठवू लागली, तर तो अटॅकचा उंबरठा आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

ग्यासची जळजळ साधारणपणे आडवं झालं की वाढते, आंबट ढेकर येतात, पुढे वाकलं की त्रास होतो. पण सोड्यानं किंवा पातळ अँटासिडनं बरं वाटलं म्हणून हृदय ठीक आहे, असं ठरवता येत नाही. हृदयाच्या खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये पोटाच्या वरच्या बाजूलाच दुखतं, उलटी होते, ढेकरही येतात. बोट ठेवून दाखवता येणारी, दाबलं की दुखणारी, हात फिरवला की वाढणारी कळ बहुधा स्नायूची किंवा बरगडीची असते. मधुमेह जुना असेल, वय जास्त असेल, बाई असेल, तर कळ न येताही अटॅक येतो. अचानक गळून जाणं, दम लागणं, थंड घाम एवढंच दिसतं. "आईला दुखत काहीच नव्हतं, नुसता जीव घाबराघुबरा झाला" असं सांगणारी मुलं अनेकदा खूप उशिरा येतात.

दमा आणि हृदय कमकुवत होणं यांतला गोंधळही नेहमीचा. आडवं झाल्यावर धाप लागते, उठून बसलं की हलकं वाटतं, रात्री दोन-दोन उश्या लागतात, घोट्याजवळ दाबलं की खळगा पडतो, अशी लक्षणं असतील तर दम्याचा पंप घेऊन महिने काढण्याआधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. हृदयाच्या धापेतही छातीत शिट्टी वाजू शकते.

दवाखान्यात पोहोचल्यावर दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा. पहिला ईसीजी चांगला आला आणि कळ चालूच असेल, तर तो पंधरा-वीस मिनिटांनी परत काढायचा, आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी) रक्ततपासणी काही तासांच्या अंतरानं दोनदा करायची. एका चांगल्या ईसीजीवर कळ असलेला माणूस घरी नेऊ नका. डॉक्टर जा म्हणाले तरी "परत एकदा काढून बघूया का?" एवढं विचारायचा तुमचा हक्क आहे.

घरी काय करायचं? अ‍ॅस्पिरिनची साधी गोळी, ३०० मिलिग्रॅमच्या आसपास, चावून खायला द्यायची. अ‍ॅलर्जी असेल, पोटातून रक्त जात असेल किंवा तोंड वाकडं झालं असेल, तर नाही. या स्वस्त गोळीची ताकद १९८८ च्या आयसिस-२ या अभ्यासात दिसली. १७,१८७ रुग्णांत, फक्त अ‍ॅस्पिरिननं पाच आठवड्यांतले हृदयविकाराचे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. सॉर्बिट्रेटचं, म्हणजे कळ उतरवणाऱ्या गोळीचं, तसं नाही. ती आधीपासून लिहून दिलेली असेल तरच, आणि रुग्णाला बसवून जिभेखाली द्यायची. डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, बीपी कमी असेल किंवा गेल्या एक-दोन दिवसांत लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल, तर ती जिवावर बेतू शकते. रुग्णाला जिना उतरायला लावू नका, आणि मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून तर अजिबात नेऊ नका.

१०८ की घरची गाडी? रुग्णवाहिकेत ऑक्सिजन आणि शिकलेला माणूस असतो, वाटेत हृदय थांबलं तर लगेच उपचार करणारं कुणीतरी असतं, म्हणून पहिला फोन तिकडेच. पण ती किती वेळात येईल हे फोनवरच विचारा. अर्धा तास म्हणाले आणि दारात गाडी उभी असेल, तर गाडीनं निघा. गाडी रुग्णानं चालवायची नाही. कळ असताना स्वतः गाडी चालवत आलेले लोक मी पाहिलेत.

जवळचं इंजेक्शन की शहरातली अँजिओप्लास्टी

ही तुलना या लेखाचा गाभा आहे, कारण सीमाभागात कॅथलॅब ठरावीक शहरांतच आहेत आणि गावं लांब पसरलेली आहेत.

मोठ्या अटॅकमध्ये ईसीजीवर एसटी नावाचा भाग वर उचललेला दिसतो. म्हणजे मोठी रक्तवाहिनी गुठळीनं पूर्ण बंद आहे. ती उघडायचे मार्ग दोन. पहिला, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. ते कुठल्याही साध्या आयसीयूत देता येतं. दुसरा, कॅथलॅबमध्ये तार घालून फुग्यानं वाट मोकळी करणं आणि स्टेंट, म्हणजे बारीक जाळीची नळी, बसवणं. हीच अँजिओप्लास्टी. दोन्ही एकाच वेळी, एकाच ठिकाणी हाताशी असतील तर अँजिओप्लास्टी सरस, यात वाद नाही. वाहिनी जास्त खात्रीनं उघडते आणि मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती फार कमी. इंजेक्शननं बऱ्याच जणांची वाहिनी उघडते, पण काहींची उघडत नाही, आणि साधारण शंभरात एकाला मेंदूत रक्तस्राव होतो.

प्रश्न असा की दोन्ही एकाच वेळी हाताशी नसतात. म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी एक मर्यादा ठरवली आहे. ईसीजीवर निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत वाहिनीत तार जाणार असेल तर अँजिओप्लास्टीसाठी हलवा. नसेल तर इंजेक्शन तिथेच द्या, तेही निदानानंतर दहा मिनिटांत सुरू करायचं ध्येय ठेवून.

आता हे १२० मिनिटांचं गणित आपल्या रस्त्यांवर घालून बघा. खानापूर ते बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर. कागदावर अर्धा-पाऊण तास. पण गाडी मिळेपर्यंतची वेळ, तिथल्या कॅज्युअल्टीत परत ईसीजी, रात्री कॅथलॅबची टीम घरून येणं, सह्या आणि पैशांची जुळवाजुळव हे सगळं त्यात धरायचं असतं. चांगल्या केंद्रातही दारातून आत आल्यापासून वाहिनी उघडेपर्यंत तास-दीड तास जातो. म्हणजे खानापूर शहरातला रुग्ण काठावर आहे. दिवसा, आधी फोन करून, कॅथलॅब तयार असेल तर जमेल. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचा रुग्ण नाही जमायचा. भीमगड अभयारण्यातल्या गावांतून पावसाळ्यात माणसाला लाकडाच्या स्ट्रेचरवर उचलून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, तिथे तर हा प्रश्नच उरत नाही. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, चाळीसेक किलोमीटर आणि हायवे सरळ, पण गणित खानापूरसारखंच काठावरचं. कागवाडला मिरज हाकेच्या अंतरावर आहे, तिथे सरळ अँजिओप्लास्टीचा विचार करता येतो. अथणीहून बेळगाव शंभर किलोमीटरच्या वर. तिथला रुग्ण इंजेक्शन न घेता बेळगावला निघाला तर वाटेतच हृदयाचा स्नायू मरतो.

इंजेक्शन दुय्यम, गरिबाचं औषध, असा समज आपल्याकडे पक्का बसलाय. तो सोडून द्यावा असं मला मनापासून वाटतं. इटलीतल्या १९८६ च्या गिस्सी अभ्यासात, कळ सुरू झाल्यापासून तासाच्या आत इंजेक्शन मिळालेल्यांत मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. उशिरा मिळालेल्यांत फायदा झपाट्यानं घटत गेला. २०१३ च्या स्ट्रीम अभ्यासात १,८९२ रुग्ण असे घेतले, ज्यांना तासाभरात अँजिओप्लास्टी मिळणं शक्य नव्हतं आणि कळ तीन तासांच्या आतली होती. अर्ध्यांना आधी इंजेक्शन देऊन मग अँजिओग्राफीला पाठवलं, अर्ध्यांना सरळ अँजिओप्लास्टीला. तीस दिवसांनी मृत्यू, शॉक (बीपी कोसळणं), पुन्हा अटॅक, हृदय निकामी होणं हे सगळं मिळून दोन्ही गटांत जवळपास सारखं. इंजेक्शनवाल्यांपैकी ३६ टक्क्यांना मात्र तातडीनं अँजिओग्राफी करावी लागली, हेही लक्षात ठेवायचं. त्यातून येणारी शिकवण साधी आहे. जवळ इंजेक्शन घ्यायचं, आणि घेतल्या घेतल्या कॅथलॅब असलेल्या शहराकडे निघायचं. इथेच आपली घरं चुकतात. इंजेक्शननंतर कळ थांबली की "आता बरं वाटतंय, दोन दिवस इथंच ठेवूया" असा सूर लागतो. इंजेक्शननंतर ६० ते ९० मिनिटांनी ईसीजी काढतात. वर उचललेला भाग निम्म्यानं खाली आला नसेल तर ताबडतोब अँजिओप्लास्टी. आला असेल तरी २ ते २४ तासांत अँजिओग्राफी व्हायला हवी.

इंजेक्शन कुणाला नको? पूर्वी कधीही मेंदूत रक्तस्राव झालेला, गेल्या सहा महिन्यांत लकवा झालेला, नुकतंच मोठं ऑपरेशन किंवा डोक्याला मार लागलेला, कुठूनतरी रक्त चालू असलेला, महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) फाटल्याची शंका असलेला. अशा रुग्णासाठी अंतर कितीही असो, मोठं केंद्रच, आणि महारोहिणी फाटल्याची शंका नसेल तर तिथे अँजिओप्लास्टी. बीपी कोसळून शॉकमध्ये गेलेल्यालाही शक्य तितक्या लवकर कॅथलॅब गाठायला हवी. कळ सुरू होऊन सात-आठ तास उलटले असतील तर गुठळी घट्ट झालेली असते, इंजेक्शनचा जोर कमी पडतो, त्यामुळे थोडा लांबचा प्रवास करूनही अँजिओप्लास्टीकडे कल ठेवायचा. आणि एसटी वर नसलेल्या अटॅकमध्ये, म्हणजे ट्रोपोनिन वाढलाय पण ईसीजीत तसा बदल नाही, अशा वेळी गुठळीचं इंजेक्शन द्यायचंच नसतं, त्यानं नुकसान होतं. तिथे हेपरिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन), गोळ्या आणि बहुतेकांना एक ते तीन दिवसांत अँजिओग्राफी. ज्यांची कळ थांबतच नाही त्यांना दोन तासांतसुद्धा.

इंजेक्शनमध्ये दोन नावं कानावर येतील. स्ट्रेप्टोकायनेज जुनं, स्वस्त. १५ लाख युनिट सलाईनमधून अर्धा ते एक तासात. देताना बीपी पडतं, अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि एकदा घेतलं की शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, म्हणून पुढच्या वेळी तेच देत नाहीत. टेनेक्टेप्लेज वजनाप्रमाणे ३० ते ५० मिलिग्रॅम, एका सिरिंजमध्ये, काही सेकंदांत. पंचाहत्तरीच्या पुढे निम्मा डोस. त्यानं वाहिनी चांगली उघडते आणि वाटेतल्या छोट्या दवाखान्यात देणंही सोपं. बाजारभावानं ते तीस हजारांच्या वर जाऊ शकतं, म्हणून घरचे कचरतात. कर्नाटक सरकारनं २०२३ मध्ये डॉ. पुनीत राजकुमार हृदयज्योती योजना सुरू केली. २९ ऑक्टोबर २०२१ ला अवघ्या ४६ व्या वर्षी हृदयविकारानं गेलेल्या अभिनेत्याच्या नावाची ही योजना. तालुका आणि जिल्हा रुग्णालयांत काढलेला ईसीजी मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांना दाखवला जातो, आणि त्यांनी सांगितल्यावर टेनेक्टेप्लेज तिथेच फुकट मिळतं. तुमचं तालुका रुग्णालय या जाळ्यात आहे का, रात्री ईसीजी निघतो का, हे आज दिवसा जाऊन विचारून ठेवा. घरात साठीच्या पुढचं किंवा मधुमेहाचं माणूस असेल तर हे माहीत असणं घरपट्टीच्या पावतीइतकंच गरजेचं आहे.

डॉक्टरांना तेव्हा तीनच गोष्टी विचारा. एसटी वर आहे का? इंजेक्शन देताय का, नसाल तर का नाही? पुढे कुठे पाठवताय, आणि तिथे फोन झालाय का? ईसीजीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, वेळेसह.

ब्लॉक सापडला: औषधं, स्टेंट की बायपास

आता दुसरा निर्णय. अटॅक नाही, चालताना कळ येते, ट्रेडमिल टेस्ट बिघडली, अँजिओग्राफीत ब्लॉक दिसला. टेबलावर रुग्ण आडवा असतानाच बाहेर नातेवाइकांना स्क्रीन दाखवून विचारलं जातं, "आत्ताच स्टेंट घालायचा का?" घाबरलेला मुलगा काय म्हणणार?

या रुग्णाकडे वेळ असतो. इस्केमिया या अभ्यासात ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण होते, त्यात भारतातलेही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार हृदयाला रक्त कमी पडण्याचा मध्यम किंवा तीव्र दोष असलेल्या, पण स्थिर रुग्णांत आधी स्टेंट किंवा बायपास (शरीरातलीच दुसरी वाहिनी जोडून ब्लॉकला वळसा घालणारं ऑपरेशन) करून अटॅक किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. फरक पडला तो कळेत. वारंवार कळ येणाऱ्यांना स्टेंट-बायपासनं जास्त आराम मिळाला. याआधी २००७ च्या करेज अभ्यासातही हेच दिसलं होतं. मात्र ज्यांची डावी मुख्य रक्तवाहिनी निम्म्याहून अरुंद आहे, हृदयाचा पंप फार कमकुवत आहे किंवा नुकताच अटॅक येऊन गेलाय, त्यांना इस्केमियात घेतलंच नव्हतं. त्यांना हा निष्कर्ष लावायचा नाही.

म्हणजे स्थिर रुग्णानं आधी औषधं पूर्ण जोरात घ्यायची. अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनचा मोठा डोस, बीपी आणि नाडी आवरणाऱ्या गोळ्या, मधुमेहावर ताबा. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली, शक्य तर ५५ च्या खाली. आणि तंबाखू बंद. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात, विडी वळणाऱ्या घरांत हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण अटॅकनंतर धूम्रपान सोडणाऱ्यांत मृत्यूचा धोका साधारण एक तृतीयांशानं कमी होतो. इतका फायदा कुठल्याही एका गोळीनं मिळणं अवघड. मिसरीही यात आली, फक्त विडी-सिगरेट नाही. दोन-तीन महिने औषधं नीट घेऊनही कळ रोजचं काम अडवत असेल, तर स्टेंटचा विचार जरूर करा. कळ जाणं हाही मोठा फायदा आहे. मात्र "स्टेंट घातला की पुढचा अटॅक टळतो" या समजुतीवर सही करू नका.

स्टेंट आणि बायपास यांत निवड करताना तीन गोष्टी तराजूचा काटा हलवतात. किती वाहिन्यांत ब्लॉक आहे, मधुमेह आहे का, आणि पंप कसा आहे. मधुमेह आणि तीन वाहिन्यांत ब्लॉक असेल तर माझा कल स्पष्टपणे बायपासकडे. २०१२ च्या फ्रीडम अभ्यासात मधुमेह आणि एकाहून जास्त वाहिन्यांत ब्लॉक असलेल्या १,९०० रुग्णांमध्ये पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा लकवा यांपैकी काहीतरी घडलं ते स्टेंटवाल्यांत २६.६ टक्के आणि बायपासवाल्यांत १८.७ टक्के. लकवा मात्र बायपासमध्ये जास्त होता, ५.२ विरुद्ध २.४ टक्के. ऐंशीच्या घरातल्या, आधीच लकवा होऊन गेलेल्या आजोबांसाठी हा आकडा निर्णय फिरवू शकतो. एका किंवा दोन वाहिन्यांतला, मुख्य वाहिनी सोडून असलेला ब्लॉक असेल आणि कळ त्रास देत असेल, तर स्टेंट पुरतो.

बायपासला लोक भितात ते छाती उघडण्याला. भीती खोटी नाही. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, आणि नांगर, ऊसतोड, पोती उचलणं असल्या कामाला तीन महिने. गळीत हंगाम तोंडावर असेल आणि घरात दुसरा हात नसेल, तर सर्जनना ते सांगा. स्थिर रुग्णाचं ऑपरेशन हंगामाआधी की नंतर, हे ठरवायला जागा असते. पण छातीतल्या धमनीचा जोड दहा वर्षांनीही बहुतेकांत चालू असतो. पायातल्या शिरेचे जोड तेवढे टिकत नाहीत. स्टेंटमध्ये माणूस दोन-तीन दिवसांत घरी, आठवड्यात बाहेर फिरायला, पण रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या न चुकवता घ्यायच्या असतात. स्थिर रुग्णाला साधारण सहा महिने, अटॅकनंतर एक वर्ष. दात काढायचाय म्हणून दंतवैद्यांनी बंद करायला सांगितल्या, तरी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. सुरुवातीच्या महिन्यांत गोळ्या थांबल्या तर स्टेंट गुठळीनं बंद होऊन मोठा अटॅक येतो. वर्षभर गोळ्या परवडतील का, आणायला कुणी आहे का, हा प्रश्न स्टेंट घालायच्या आधीचा आहे.

देशी स्टेंट की परदेशी? इथे पैसे वाचवायला हरकत नाही. औषध लावलेल्या स्टेंटच्या किमतीवर केंद्रानं फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली, तेव्हा ती सुमारे २९,६०० रुपये होती. नंतर ती बदलत गेलीय, पण मर्यादा आहेच, त्यामुळे बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवायला सांगा. सूरतच्या कंपनीच्या सुप्राफ्लेक्स स्टेंटची युरोपात १,४३५ रुग्णांत नावाजलेल्या परदेशी स्टेंटशी तुलना झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या टॅलेंट अभ्यासात तो कमी पडला नाही.

टेबलावरच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? "डॉक्टर, अटॅक नाही ना? डाव्या मुख्य वाहिनीत काही आहे का? नसेल तर सीडी द्या, आम्ही विचार करून येतो." अँजिओग्राफीची सीडी तुमची आहे. ती दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांना आणि तीन वाहिन्यांचा प्रश्न असेल तर एका हृदयशल्यविशारदांना दाखवा. अटॅक चालू असेल तर मात्र हे काही करायचं नाही. तिथे लगेच सही.

जायचं कुठे

स्थिर रुग्णासाठी बेळगावात नेहरूनगरचं केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे, जिथे अँजिओप्लास्टी आणि हृदयशस्त्रक्रिया दोन्ही होतात. निपाणी-चिकोडीकरांना कोल्हापूर, अथणी-कागवाडला मिरज, खानापूरच्या पश्चिमेला गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय. खर्च आणि कठीण केस यांसाठी बेंगळुरूचं जयदेव हे सरकारी हृदयरोग रुग्णालय. डॉक्टर सगळीकडे चांगले भेटतील. फरक पडतो तो योजनेमुळे आणि पुन्हा तपासणीला जाता येण्यामुळे.

आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या तीस टक्के. ठरवून करायच्या मोठ्या उपचाराला सरकारी रुग्णालयाचं रेफरल (पुढे पाठवल्याची चिठ्ठी) लागतं, तातडीत लागत नाही. स्थिर रुग्णानं आधी रेफरल घेऊन मगच मोठ्या दवाखान्यात जावं, नाहीतर पैसे भरून बसाल. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी लागू करायचं ठरवलं, कर्नाटकनं त्याला विरोध केला. राजकारण बाजूला ठेवून सांगते, कोल्हापूर-मिरजेला निघण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना (योजनेचं काम बघणाऱ्यांना) तुमच्या गावाचं आणि कार्डाचं नाव सांगून फोनवर खात्री करा. गोव्यात बाहेरच्या राज्यातल्या रुग्णांना २०१८ पासून शुल्क आहे.

माझं मत विचाराल तर, उपचार लांब झाला तरी चालेल, पण नंतर दर दोन-तीन महिन्यांनी दाखवायचा डॉक्टर जवळचा हवा. बेंगळुरूला बायपास करून आलेले आणि मग वर्षभर कुणालाच न दाखवणारे रुग्ण मला जास्त काळजीत टाकतात.

वॉल्व्हचे निर्णय

लहानपणी घसादुखी, सांधे सुजणं, आणि पंचविशीत धाप. संधिवाताच्या तापानं वॉल्व्ह आक्रसल्याची ही ओळखीची गोष्ट. बाळंतपणात ती उघडी पडते, कारण पोटुशीपणात रक्ताचं प्रमाण वाढतं आणि अरुंद वॉल्व्हमागे फुप्फुसात पाणी साठतं. वॉल्व्ह लवचिक असेल, फार चुना साठला नसेल आणि गळती कमी असेल, तर फुग्यानं रुंद करणं हा पहिला पर्याय. छाती उघडावी लागत नाही. काही वर्षांनी परत अरुंद होऊ शकतो, पण तेवढ्या वर्षांत लग्न, मुलं होऊन जातात.

बदलायचाच झाला तर धातूचा की जनावराच्या ऊतीचा? धातूचा टिकतो, पण रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी जन्मभर. ऊतीचा दहा-पंधरा वर्षं, तरुणांत त्याहून कमी, मग परत ऑपरेशन, पण जन्मभर वॉरफरिनची सक्ती नाही. पन्नाशीच्या आत साधारणपणे धातूचा सुचवतात. वॉरफरिन गर्भाला बाधू शकतं, म्हणून मूल हवं असलेल्या बाईसाठी मात्र हा प्रश्न नवराबायको दोघांनी मिळून ऑपरेशनआधी सोडवायचा. गावाजवळ आयएनआर तपासणी (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी) होते का, हेही निर्णयात धरायचं. महिन्यातून एकदा रक्त द्यायला बेळगाव गाठावं लागणार असेल तर कुणाच्या सोबतीनं, कोणत्या बसनं, हे आधी ठरवा.

वॉरफरिनऐवजी तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या मिळतील का, असं प्रत्येक जण विचारतो. साध्या अनियमित ठोक्यांना, म्हणजे एएफला, हो, त्या सोयीच्या आणि सुरक्षित आहेत. धातूच्या वॉल्व्हला नाही. संधिवातानं अरुंद झालेल्या वॉल्व्हसोबत एएफ असेल तरी नाही. २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासात अशा साडेचार हजारांहून जास्त रुग्णांत रिव्हारॉक्सॅबन या नव्या गोळीपेक्षा वॉरफरिनच्या गटातल्या गोळ्यांवर कमी मृत्यू झाले. औषधांच्या दुकानातून परस्पर गोळी बदलून घेऊ नका.

वॉरफरिन घेणाऱ्या बाईची पाळी चुकली तर त्याच आठवड्यात तपासणी करून डॉक्टरांकडे जायचं. गर्भाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात वॉरफरिननं बाळात दोष येऊ शकतो, आणि तेवढ्या काळासाठी हेपरिनच्या इंजेक्शनवर जायचं की कमी डोसची गोळी चालू ठेवायची, हे डोसवर आणि वॉल्व्हवर ठरतं. घाबरून स्वतःच गोळी बंद केली तर धातूच्या वॉल्व्हवर गुठळी बसते, आणि त्यात आईचा जीव जाऊ शकतो.